वाळीत टाकण्याचा मागोवा

एखादं घर वाळीत टाकायला गावात मतदान घ्यावं लागत नाही. पारावर चार माणसं बोलतात आणि दुसऱ्या दिवशी गिरणीवाला सांगतो, "तुमचं दळण होणार नाही." मग किराणा, मजुरी, हातउसने, एकेक बंद होत जातं. कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं: सगळ्या गावाचं म्हणणं आहे!

हा गुन्हा ठरावा, असं डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडलं. त्यांच्यापुढे ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा होता. घटनेत अस्पृश्यताबंदी आली, बहिष्काराचा वेगळा गुन्हा आला नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजातून बाहेर काढण्यावर बंदी घातली. बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो कायदा चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. विरोधातलं एक मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हा यांचं होतं.

मराठवाड्याने वाळीत टाकण्याहून भयंकर पाहिलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. बहुमतच मानायचं तर विषय तिथे संपला होता. पण सभागृहातलं बहुमत गावातल्या बहुसंख्यांना पटलं नाही. नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या पेटल्या. ठराव मुंबईत आमदारांनी केला, जीव गेला टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा. नामांतराच्या मागणीसाठी नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, अंमल २०१७ पासून. त्याचा रोख मुख्यतः जातपंचायतींवर, म्हणजे जातीने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्यावर आहे. गावाने दलितांवर टाकलेला बहिष्कार अॅट्रॉसिटी कायद्यात येतो. तिथे सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार २०१६ पासून स्पष्ट गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं.

तरी २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या ताडमुगळीहून बातमी आलीच: दलित तरुण मारुतीच्या देवळात गेले म्हणून किराणा आणि गिरणी बंद. अशा वेळी प्रशासनाला आधी शांतता बैठक सुचते. कायद्याप्रमाणे आधी गुन्हा नोंदवायचा असतो आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो.