गोणीवरचा आकडा आणि घराचे बळ

घर बांधावयास निघालेला गृहस्थ दुकानात सिमेंट घेताना पुष्कळदा विचारतो, "त्रेपन्नचे आहे ना?" मोठा आकडा आणला म्हणजे घर पक्के झाले, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी, हे इतिहासालाच विचारावे, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडात १७५६ ते १७५९ या काळात एडिस्टनचे दीपगृह बांधताना जॉन स्मीटन यांना आढळले की, चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. १८२४ साली लीड्सचा गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन याने चुनखडी व माती भाजून केलेल्या पुडीचे पेटंट घेतले आणि पोर्टलंडच्या दगडावरून तिला नाव दिले. आपल्या देशात पोरबंदरला १९१४ मध्ये हे सिमेंट तयार होऊ लागले. काँक्रीट मात्र घमेल्याच्या मापाने कालवले जाई: एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. पाणी गवंड्याच्या अंदाजाने.

त्या पाण्याचा हिशेब १९१८ साली शिकागोत डफ एब्रॅम्स यांनी मांडला. सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त, तितके काँक्रीट दुबळे. सिमेंटशी संयोग पावून उरलेले पाणी सुकते आणि मागे बारीक छिद्रे ठेवून जाते.

पुढे भारतीय मानकांत आकडे आले. ३३, ४३, ५३ ही सिमेंटची प्रत. ती प्रमाणित वाळू घालून केलेल्या ठोकळ्यावर प्रयोगशाळेत ठरते. 'एम २०' ही काँक्रीटची प्रत; १५० मिलिमीटरच्या ठोकळ्याने २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसावा, ही तिची अपेक्षा. सन २००० च्या मानकाने सळईच्या काँक्रीटला हीच किमान प्रत ठरविली. पहिला आकडा कारखान्यात सिद्ध होतो, दुसरा आपल्या अंगणात व्हावा लागतो.

माल सैल व्हावा म्हणून स्लॅबच्या दिवशी कोणी बादलीभर पाणी जास्त ओतले, तर त्रेपन्नची गोणी काय करील? म्हणून पाणी मोजून घालावे, ठोकळे भरून तपासणीस पाठवावेत, स्लॅब निदान सात दिवस, मिश्र सिमेंट असल्यास दहा दिवस, ओला ठेवावा. गोणीवरचा आकडा विकत मिळतो. घराचे बळ मात्र जागेवर उभे राहूनच मिळवावे लागते.