रीळ, चांदी आणि आपली आडनावं

शनिवार, १४ मार्च १९३१. मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलमआरा' लागला. हिंदुस्थानातला हा पहिला बोलपट. गर्दी इतकी उसळली की पोलीस बोलवावे लागले. वार शनिवारचा होता, म्हणजे शब्बाथ पाळणाऱ्या आपल्या घरांतल्या मंडळींना आकाशात तारे दिसेपर्यंत थांबावं लागलं असणार. पण पडद्यावर जे बोललं जात होतं त्याच्या मुळाशी आपलाच एक माणूस होता. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून अर्देशिर इराणींनी हा चित्रपट केला. जोसेफ डेव्हिड यांचं आडनाव पेणकर. ते बेने इस्रायल होते.

'आलमआरा' आज कुणालाच पाहता येत नाही. त्याची एकही प्रत शिल्लक नाही. काही स्थिरचित्रं आहेत, जाहिराती आहेत, पुस्तिका आहे. चित्रपट मात्र गेला. आणि तो कसा गेला हे समजून घ्यायचं तर आधी 'रीळ' म्हणजे काय होतं ते पाहायला हवं. अमेरिकेत आणि जगभर थिएटरांतून फिल्म जाऊन डिजिटल आलं, तेव्हापासून जुन्या प्रोजेक्टरच्या आठवणी काढून हळहळणारे पुष्कळ भेटतात. हळहळ खरी आहे. पण आपण नेमकं काय गमावलं आणि काय अजून वाचवता येईल, या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात म्हणून हा लेख.

अमेरिकेतून आलेली पट्टी

'आलमआरा' मुंबईचा, पण त्याचं सामान मोठ्या प्रमाणात अमेरिकेचं. ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोकं असलेली पट्टी न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजला एडिसनच्या प्रयोगशाळेत ठरली आणि तिला लागणारी फिल्म रॉचेस्टरच्या ईस्टमनने पुरवली. आज न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांपासून ती प्रयोगशाळा गाडीने फार लांब नाही. ती आता राष्ट्रीय स्मारक आहे, आतून पाहता येते. इराणींना बोलपटाची कल्पना सुचली तीही 'शो बोट' हा अमेरिकन चित्रपट पाहून. आवाजाचं यंत्र घेऊन विलफर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ मुंबईला आला, आणि थोड्याच दिवसांत इराणी स्वतः ते चालवायला शिकले. स्टुडिओला लागून रेल्वेचे रूळ होते. गाड्यांचा आवाज नको म्हणून बरंचसं चित्रण मध्यरात्रीनंतर करावं लागे.

अलीकडे यात आणखी एक धागा सापडला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनचे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांना मुंबईत साड्यांच्या दुकानात पडून असलेलं एक जुनं छपाईयंत्र मिळाल्याची बातमी २०२२ साली आली. चित्रपटाच्या प्रती काढायचं हे बेल अँड हॉवेलचं यंत्र मूळ शिकागोचं, मालक इराणी. 'आलमआरा'च्या प्रती याच यंत्रावर निघाल्या असं मानलं जातं. म्हणजे ज्यावर चित्रपट छापला ते लोखंड टिकलं, छापलेलं टिकलं नाही.

चांदी

त्या काळातली फिल्म नायट्रेटची होती. बंदुकीच्या दारूशी नातं सांगणारं हे रसायन. एकदा पेटलं की स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवतं, पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. म्हणून ऑपरेटरची केबिन पक्क्या भिंतींची असे, आणि पडद्याकडच्या छोट्या खिडक्यांवर झटकन खाली पडणारी झापडं असत. कोडॅकने १९५१ साली नायट्रेट फिल्म बनवणं थांबवलं.

आग हा एक शत्रू. दुसरा शत्रू अधिक शांत होता. कृष्णधवल चित्र उमटतं ते चांदीच्या बारीक कणांनी. चित्रपटाचं आयुष्य संपलं की डब्यातल्या रिळांना कलेपेक्षा धातूचा भाव जास्त येई. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी 'आलमआरा'साठी इराणी कुटुंबाकडे विचारणा केली होती. उरलेली काही रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेल्याचं तिथे कळलं, असं नायर सांगत. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत 'आलमआरा' जळाला असं अनेक ठिकाणी छापलं आहे. नायर यांनी ते स्पष्ट नाकारलं होतं. संग्रहालयाकडे तो कधी आलाच नव्हता.

अमेरिकेतही वेगळं झालं नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात १९१२ ते १९२९ या काळातल्या जवळजवळ ११,००० अमेरिकन मूकपटांचा हिशोब आहे. त्यांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक आहेत फक्त १४ टक्के. तेव्हा फिल्मचा जमाना म्हणजे सगळं जपण्याचा जमाना, असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. फिल्म टिकाऊ होती, पण ज्यांनी ती जपली त्यांच्यापुरतीच.

पडद्यावरची नावं

जोसेफ डेव्हिड यांनी पुढेही लिहिलं. वाडिया मूव्हिटोनच्या १९३५ सालच्या 'हंटरवाली'च्या लेखनातही त्यांचा हात होता. पण श्रेयनामावलीत नाव येई ते 'जोसेफ डेव्हिड' एवढंच. पेणकर गळालं. तसंच डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांचं. १९३७ च्या 'झांबो'पासून ते पडद्यावर होते. वकिलीची पदवी असलेला हा माणूस 'बूट पॉलिश'मधल्या जॉन चाचामुळे घराघरांत पोचला, त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, १९६९ साली पद्मश्री मिळाली. 'गोलमाल', 'बातों बातों में' अजूनही लोक आवडीने पाहतात. पडद्यावर मात्र नाव कायम 'डेव्हिड'. चेऊलकर तिथे नव्हते. प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी त्यांना ख्रिस्ती समजून टाकलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं निधन झालं ते टोरांटोत, म्हणजे परदेशी गेलेल्या आपल्यातल्याच एकासारखं.

आपली आडनावं म्हणजे गावांची यादी. पेणकर, चेऊलकर, रोहेकर, किहीमकर. पडद्यावर ती कापली गेली आणि आपला माणूस आपल्याच नातवंडांना ओळखू येईना. इथे एक खुलासाही करायला हवा. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम आणि नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल या बगदादी घराण्यांतल्या. 'शालोम बॉलीवूड' हा २०१७ सालचा माहितीपट या सगळ्यांना एकत्र आणतो आणि ते योग्यच आहे. पण बेने इस्रायलांचा वाटा सांगताना पेणकर आणि चेऊलकर ही दोन नावं आधी घ्यावीत.

ऑपरेटरची केबिन

आता प्रोजेक्टरकडे वळू. सेकंदाला २४ चित्रं, फुटात १६ चित्रं, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपे, दोन हजारांचं बावीस मिनिटांत. दोन तासांच्या चित्रपटाला दहा हजारांहून जास्त फूट पट्टी लागे. केबिनमध्ये दोन यंत्रं शेजारी असत. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमके. त्यावर ऑपरेटर दुसरं यंत्र सुरू करी. काही सेकंदांनी दुसरा ठिपका येई, तेव्हा पहिल्याचं झाकण बंद आणि दुसऱ्याचं उघडं. प्रेक्षकांना काही कळू नये यातच कसब. प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा. कांड्या जळून आखूड होत, म्हणून त्यांच्यातलं अंतर सतत सांभाळावं लागे. नायगाव असो की नागपाडा, चित्र पिवळं पडलं की स्टॉलमधून शिट्ट्या येत त्या या कांड्यांकडे दुर्लक्ष झाल्याबद्दल.

हे कसब डिजिटलने मारलं असं सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं. १९५०च्या दशकानंतर झेनॉनचे दिवे आले, कार्बन गेला. मग अमेरिकेत मल्टिप्लेक्स वाढले तसे आडव्या मोठ्या थाळ्या आल्या. सगळी रिळं चिकटवून एका थाळीवर चढवायची, मग एकच माणूस आठ-दहा पडद्यांचं पाहणार. ठिपका पाहून यंत्र बदलायचं काम तेव्हाच संपलं. डिजिटल आलं तेव्हा केबिन आधीच जवळजवळ रिकामी होती.

शेवटचा घाव मात्र झपाट्याने पडला. हॉलीवूडच्या स्टुडिओंनी २००२ साली एकत्र येऊन डिजिटलचे नियम ठरवायला घेतले, २००५ साली ते प्रसिद्ध झाले. २०१४ च्या जानेवारीत बातमी आली की पॅरामाउंटने अमेरिकेत फिल्मच्या प्रती काढणं थांबवलं. कोडॅकची चित्रपटाच्या फिल्मची विक्री २००६ साली १,२४० कोटी फूट होती, ती २०१४ पर्यंत ४५ कोटी फुटांवर आली. कारण साधं होतं. एका प्रतीला हजार-दीड हजार डॉलर किंवा जास्त खर्च येई, डिजिटल चकतीला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. बचत स्टुडिओंची, नव्या यंत्राचा बोजा थिएटरवाल्यावर. मोठ्या साखळ्यांनी तो पेलला, छोट्या गावातली कित्येक एकपडदा थिएटरं वाकली.

जॅक्सन हाइट्सचं एक अक्षर

क्वीन्समधल्या जुन्या मंडळींना जॅक्सन हाइट्सचं ईगल थिएटर आठवत असेल. पूर्वी त्याचं नाव 'अर्ल' होतं आणि तिथे प्रौढांचे चित्रपट लागत. हिंदी चित्रपट दाखवायचं ठरल्यावर इंग्रजी नावातलं फक्त एक अक्षर बदलून त्याचं 'ईगल' केलं. पाटी जवळजवळ तीच, आतला खेळ वेगळा. साड्या, मिठाई, भाजी घेऊन पुढे सिनेमा, असा शनिवार रात्रीचा किंवा रविवारचा बेत असे. २००९ साली भारतात निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्या भांडणात दोन महिने मोठे नवे चित्रपट आले नाहीत, आणि ईगल त्याच सुमारास बंद पडलं.

त्या काळी भारतातून फिल्मच्या जड पेट्या येत. मोजक्या प्रती, त्याही एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत. प्रत जुनी झाली की रेघा पडत, तुटलेला भाग कापून जोडत, गाण्यातलं एखादं कडवंच नाहीसं होई. डिजिटलने हे सगळं संपवलं. आज भारतात लागतो त्याच आठवड्यात चित्रपट न्यू जर्सीत लागतो, मराठी चित्रपटही लागतात. हा लाभ लहान नाही. पेट्या आणि विमानाचं भाडं परवडत नव्हतं म्हणूनच तर एके काळी मराठी चित्रपट इकडे फारसे येत नसत. कोकणात फिरणाऱ्या तंबू टॉकीजचाही असाच शेवट झाला. २०१६ सालचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट महाराष्ट्रातल्या त्या फिरत्या चित्रपटगृहांचा शेवटचा काळ दाखवतो. मिळाला तर जरूर पाहा.

फिल्म पूर्ण मेलेली नाही. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयातल्या ड्रायडन थिएटरमध्ये २०१५ पासून नायट्रेटच्या खऱ्या जुन्या प्रती दाखवण्याचा महोत्सव भरतो. २०२३ साली 'ओपनहायमर' जगभरातल्या ३० पडद्यांवर आयमॅक्सच्या ७० मिलिमीटर फिल्मवर लागला. त्याची एक प्रत ११ मैल लांब आणि ६०० पौंड वजनाची होती.

आपल्या कपाटातली रिळं

आता मुद्द्याचं. थिएटरातली फिल्म वाचवणं आपल्या हातात नाही. घरातली आहे. कोडॅकने १९६५ साली सुपर एट आणलं, त्याआधीपासून साधं आठ मिलिमीटर होतंच. मुंबईहून इस्रायल, इंग्लंड, अमेरिकेला गेलेल्या काही घरांत असे कॅमेरे होते. लग्नाची मेंदी, मलिद्याचं ताट, सिनेगॉगबाहेर उभी असलेली मंडळी, विमानतळावरचा निरोप, हे त्या तीन-तीन मिनिटांच्या रिळांत असू शकतं. अलिबागच्या मागेन अबोथमध्ये किंवा पनवेलच्या बेथ एलमध्ये जेव्हा बाकं भरलेली असत, तेव्हाचं हलतं चित्र बहुधा कुठल्याच संग्रहालयात नाही. असलंच तर कुणाच्या तरी बुटांच्या खोक्यात आहे.

ही घरगुती फिल्म नायट्रेटची नसते, त्यामुळे पेटण्याची भीती नको. तिचा रोग वेगळा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडू लागली आहे असं समजावं आणि ती इतर रिळांपासून वेगळी ठेवावी. जुन्या प्रोजेक्टरवर लावून पाहू नये. आक्रसलेली पट्टी दात्यांत फाटते. माळ्यावर किंवा तळघरात ठेवू नये. थंड आणि कोरडी जागा हवी. आधी स्कॅन करून घ्यावी. अमेरिकेत २००२ साली काही फिल्म जपणाऱ्यांनी 'होम मूव्ही डे' सुरू केला, तिथे अशी रिळं तपासून दाखवतात.

आणि स्कॅन झालं म्हणून मूळ रीळ टाकू नये. हार्ड डिस्क बंद पडते, पासवर्ड आठवणारा माणूस जातो. ऑस्करवाल्या अकादमीने २००७ साली हिशोब मांडला होता. एका चित्रपटाची फिल्मवरची मूळ प्रत जपायला वर्षाला १,०५९ डॉलर, डिजिटल प्रत जपायला १२,५१४ डॉलर. फिल्म थंड जागी नुसती पडून राहिली तरी टिकते. डिजिटल फाइलला दर काही वर्षांनी कुणीतरी हात लावावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचं, नावं लिहा. रिळाच्या डब्यावर कागद चिकटवा, त्यावर साल, गाव आणि दिसणाऱ्या माणसांची पूर्ण नावं, आडनावासकट. घरातली आजी किंवा मावशी अजून चेहरे ओळखते तोवरच हे होईल. पडद्यावर पेणकर आणि चेऊलकर गळाले ते गळाले. घरच्या रिळांतली माणसं तरी बिनआडनावाची राहू नयेत.