अंगणातील कोंबडी, दारचा कुत्रा

कोकणात आमच्या वाडवडिलांच्या कोंबड्या सांजेला खुराड्यात शिरत. कोल्ह्या-मुंगसापासून त्यांची राखण दारचा मोकळा कुत्रा करी. मिश्नेच्या बावा कामा भागात (७:७) ही दोन्ही एकत्रच येतात: यरुशलेमेत कोंबड्या पाळू नयेत, साखळीवाचून कुत्रा पाळू नये. कोचीनच्या यहुद्यांशी संबंध येईपर्यंत आम्हांस तल्मूद ठाऊक नव्हता. याच अज्ञानावर बोट ठेवून १९६४ पर्यंत आमच्या विवाहांविषयी शंका घेतल्या गेल्या. पण तल्मूदच म्हणतो, सरहद्दीलगतच्या गावी कुत्रा दिवसा बांधावा, रात्री सोडावा. रानालगतच्या आमच्या वाड्यांना ही सवलत लागू होती काय, हे रब्बींनी ठरवावे! शास्त्राप्रमाणे सुरी चालविणारा हझान गावात नसला, तर मात्र कोंबडी कापली जात नसे. ती अंडी घालीत राही.