बैलगाडीपासून शर्यतीच्या गाडीपर्यंत : क्लचच्या निवडीची कथा

बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दिशांना चार दरवाजे. पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडी आणि पूर्वेस पाणीगेट. मध्यभागी मांडवी. पाणीगेटातून निघालेला रस्ता सयाजीरावांनी बांधविलेल्या आजव्याच्या जलाशयाकडे जातो. कोटाच्या दरवाजापाशी येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थबकावे लागते आणि थबकल्यानंतर पुन्हा उभ्या जागेवरून निघावे लागते. पूर्वी तेथे बैल जुवाला खांदा देऊन गाडी हलवीत असत. आज रिक्षाचालक डाव्या मुठीने आणि मोटारचालक डाव्या पायाने तेच काम करून घेतो. फिरती शक्ती आणि उभे ओझे यांची गाठ घालून देणारा जो भाग, त्यास क्लच म्हणतात.

बैलाला क्लच लागत नाही. तो स्वतःच हळूहळू जोर लावतो, अंदाज घेतो आणि ओझे हलले की पावले उचलतो. तेलावर चालणाऱ्या इंजिनाला ही समज नाही. ते फिरत असेल तरच त्याच्या अंगी बळ. उभे राहिले की ते निर्जीव. म्हणून फिरते इंजिन आणि उभी चाके यांच्यामध्ये असा एक दुवा हवा की जो आधी थोडा घसरेल, मग धरेल आणि अखेर घट्ट बसेल.

शक्ती वाढविली म्हणजे काम साधतेच असे नाही, याचा धडा बडोदा संस्थानाला मोटारीच्या आधीच मिळाला होता. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी सुमारे वीस मैलांची अरुंद लोहमार्गाची गाडी सुरू झाली. ती ओढीत असत बैल. पुढच्याच वर्षी विलायतेतील नीलसन कंपनीची इंजिने आली. परंतु रूळ हलके होते, इंजिनाचा भार त्यांना पेलवेना. तेव्हा बैलांनाच पुन्हा जुंपावे लागले. १८७३ मध्ये रूळ नव्याने टाकले आणि त्यानंतर पुढे इंजिने नियमाने धावू लागली. शर्यतीसाठी मोटार सजविणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत मनात बाळगावी अशी आहे.

क्लचचा पूर्वज मुंबईच्या कापडगिरण्यांत शोधता येतो. तेथे छताखालच्या एका लांब दांड्यावरून पट्टे खाली येत आणि यंत्रे फिरवीत. यंत्र थांबवायचे झाल्यास पट्टा घट्ट बसविलेल्या कप्पीवरून मोकळ्या कप्पीवर सरकवीत. कार्ल बेंझ याने १८८६ च्या आपल्या तीनचाकी मोटारीत हीच युक्ती वापरली. पुढे १८९१ मध्ये पॅनहार्ड आणि लव्हासोर यांच्या फ्रेंच कारखान्याने इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना गती अशी मांडणी रूढ केली. ती नंतर कित्येक दशके जगभर चालली.

त्या काळचा क्लच शंकूच्या आकाराचा असे. शंकूवर चामडे चढविलेले असे आणि तो फ्लायव्हीलच्या खोलगट भागात दाबला जाई. चामडे वाळले की क्लच एकदम धरी आणि गाडी हिसका देऊन उडे. मग त्यास एरंडेल पाजावे लागे. तेलकट झाले की तो घसरू लागे; मग त्यावर मुलतानी माती भुरभुरावी लागे. एरंडेल आणि मुलतानी माती ही जोडी आपल्याकडे घरगुती औषधांच्या फडताळात शोभणारी. पण आरंभीच्या मोटारचालकाच्या पेटीतही ती असे.

या अडचणीतून सुटण्याच्या तीन वाटा निघाल्या आणि आजही शर्यतीच्या गाडीसाठी क्लच निवडणाऱ्यापुढे त्याच तीन वाटा आहेत.

हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. समजा, एका लहान मोटारीच्या इंजिनाचा पीळ, ज्यास कारखान्यात टॉर्क म्हणतात, १०० न्यूटन-मीटर आहे. तिच्या क्लचमध्ये एक चकती असून तिच्या दोन्ही बाजू घासतात. दाब ३,००० न्यूटन, घर्षणाचा गुणांक ०.३ आणि मध्यापासून सरासरी अंतर ८ सेंटिमीटर. या चारही गोष्टींचा गुणाकार केला असता हा क्लच १४४ न्यूटन-मीटर पीळ झेलतो असे दिसते. इंजिनाच्या दीडपटीहून थोडी कमी अशी ही तजवीज झाली. रस्त्यावरच्या गाडीला ती पुरते. आता हौशी मालकाने इंजिन सुधारून पीळ १३० वर नेला, तर हाताशी उरलेली तजवीज दहा टक्क्यांच्या जवळपास येते. क्लच तापला, चकती झिजली की तीही संपते. इंजिन ओरडते आणि गाडी मात्र मागेच राहते.

पहिली वाट दाब वाढविण्याची. अधिक ताठ स्प्रिंगचे झाकण बसविले की त्याच चकतीत अधिक बळ येते. पण पायालाही तेवढाच अधिक जोर लावावा लागतो. शिवाय क्लच दाबताना तो सारा रेटा इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या कडेच्या बेअरिंगवर जातो.

दुसरी वाट चकत्या वाढविण्याची. विसाव्या शतकाच्या आरंभी हेली-शॉ या इंग्रज प्राध्यापकाने तेलात बुडालेल्या अनेक खाचदार चकत्यांचा क्लच तयार केला. चकत्या दोन झाल्या की घासणाऱ्या बाजू चार होतात आणि तेवढाच पीळ लहान व्यासात झेलता येतो. लहान चकती हलकी. ती लवकर थांबते, म्हणून गिअर चटकन पडतो. शर्यतीत हा मोठा लाभ होय. किंमत मात्र वाढते आणि लहानशा चकतीला उष्णता साठवावयास जागा थोडी.

तिसरी वाट घासणारा पदार्थ बदलण्याची. हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रज गृहस्थाने पाहिले की उतारावर शेतकरी आपल्या गाडीच्या लाकडी ब्रेकला जुने बूट ठोकतात. त्यातून त्याने ब्रेकचे अस्तर बनविण्याचा उद्योग १८९७ मध्ये आरंभिला. तोच पुढे फेरोडो या नावाने प्रसिद्धीस आला. चामडे, कापूस, ॲसबेस्टॉस, नंतर काचतंतू आणि राळ, धातूची भुकटी भाजून केलेल्या गुट्ट्या आणि अखेर शर्यतींसाठी कार्बन अशी या पदार्थांची चढती पायरी आहे. धातूच्या गुट्ट्यांचा गुणांक ०.४ धरला, तर आपल्या उदाहरणातील क्लच १९२ न्यूटन-मीटर झेलू लागतो. परंतु अशी चकती हळुवारपणे धरीत नाही. पाणीगेटासारख्या गर्दीच्या जागी दर पावलाला थांबणाऱ्या गाडीत ती बसविली, तर चालकाचा पाय आणि गाडीचे सांधे दोन्ही शिणतात.

उष्णतेचा हिशेबही ध्यानात घेण्याजोगा आहे. इंजिनाची गती स्थिर ठेवून उभी गाडी सुटते, तेव्हा सपाट रस्त्यावर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. १,००० किलोग्रॅमची गाडी सेकंदास पाच मीटर वेगापर्यंत अशी नेली, तर साडेबारा हजार जूल चकतीत मुरतात. एकदा सुटल्यावर शर्यतभर न थांबणाऱ्या गाडीला ही झळ एकदाच लागते. गल्लीबोळातील गाडीला दिवसातून शंभर वेळा.

भारतात या निवडीचे खरे शिक्षण झाले ते मद्रासजवळच्या शोलावरमला. दुसऱ्या महायुद्धातील त्या धावपट्टीवर स्वातंत्र्योत्तर काळात मोटारींच्या शर्यती होत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० ही संसारी मोटार तेथे हौशी मंडळींनी सुधारून पळविली. परदेशी भाग दुर्मीळ, आयातीवर निर्बंध. तेव्हा हाताशी असलेल्या चकतीलाच नवे अस्तर आणि ताठ स्प्रिंग देऊन काम भागविण्याचा तो काळ होता. अशा कामाला पुस्तकी ज्ञान आणि हाताचे कसब दोन्ही लागतात. सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले, ते या दोहोंची सांगड घालण्यासाठीच. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे देशी भाषांतून धंदेशिक्षण देण्याचा आग्रह धरला होता.

निवडीची आणखी एक बाजू मालकाला दिसत नाही, कारण ती कारागिराच्या वाट्याला येते. जुन्या चकत्यांतील ॲसबेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोग घडविते. त्याचे सर्व प्रकार घातक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे आणि युरोपीय संघाने २००५ पासून त्यास पूर्ण बंदी घातली. तथापि कोपऱ्यावरच्या गॅरेजात क्लच उघडून हवेच्या झोताने धूळ उडविणारे पोर आजही आढळते. नवी चकती घेताना ती ॲसबेस्टॉसविरहित असल्याची खात्री करणे आणि जुनी धूळ न उडविता ओल्या फडक्याने टिपणे, एवढे तरी मालकाने पाहिलेच पाहिजे. आपल्या गाडीच्या दोन सेकंदांसाठी दुसऱ्याच्या श्वासाची किंमत देता येत नाही.

यांत्रिक बाजूनेही तोच विचार लागू पडतो. क्लच हा गाडीचा फ्यूज आहे. अतिरेकी जोर आला तर त्याने थोडे घसरावे आणि गिअरबॉक्स वाचवावा. तो गरजेहून फार बळकट केला, तर पुढच्या दात्यांवर घाव पडतो. आणि चकतीच्या मध्याच्या लहान स्प्रिंगा काढून टाकल्या, तर इंजिनाचे सारे हिसके तेथवर पोचतात. म्हणून जाणता कारागीर आधी विचारतो की इंजिनाचा पीळ किती, गाडीचे वजन किती, ती केवळ मैदानावर धावणार की घरीही चालवीत न्यावयाची. मग तो पिळाहून तिसरा हिस्सा वा निम्मा अधिक झेलणारा आणि त्यातल्या त्यात मऊ धरणारा क्लच सुचवितो.

मियागामच्या रुळांनी जे सांगितले तेच येथेही खरे ठरते. इंजिने आली होती, पैसा खर्चला होता, हौसही होती. उणे पडले ते खालचे लोखंड. दहा वर्षे बैल जुंपून संस्थानाने रूळ बदलले, तेव्हा कोठे वाफेचे बळ कामी आले.