सूरजागडची पुंजी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नवी चोपडी उघडतो, तिच्यावर स्वस्तिक रेखतो आणि मग जमा व खर्च समोरासमोर मांडतो. जमा कोठून झाली आणि खर्च कोठे पडला हे ज्याला सांगता येत नाही, त्याचे दुकान फार दिवस चालत नाही. परंतु हाच साधा हिशेब गावाला लावू गेले, की भल्याभल्यांची तारांबळ उडते. गावातून निघालेला पैसा कोणाच्या खात्यात गेला आणि त्याचा खर्च कोणी ठरविला, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडच्या डोंगराने तो आज नव्याने उभा केला आहे. म्हणून त्याची वंशावळ थोडी मागे जाऊन पाहणे उचित होईल.

आपल्या गावगाड्यात जमीन दोन रंगांची. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीवर शेतसारा बसे. १७५१ साली चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. त्यांच्या अमलात शेती न करणाऱ्या वाणी-उदम्यांवर आणि कारागिरांवर जो कर बसे, त्याचे नावच मुळी ‘पांढरी’ असे होते. पुढे इंग्रजांनीही तो काही काळ चालू ठेवला. म्हणजे कराची सारी रचना शेत आणि बाजारपेठ या दोन खुंट्यांना टांगलेली. ज्या मुलखात अरण्यच अधिक, शेते थोडी आणि पेठ तर औषधालाही नाही, त्याने काय करावे? अहेरीच्या जमीनदारीतील माडिया गावे या हिशेबात जवळजवळ बसतच नव्हती.

१८८३ साली मध्य प्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि जिल्हा कौन्सिले आली. रस्ते, शाळा, दवाखाने ही कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. परंतु त्यांच्या हाती पैसा बेताचाच. प्रांताची स्वतःची तिजोरी तरी कोठे भरलेली होती? म्हणून १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर दरशेकडा पाच रुपये कर बसविला. ही विक्रीवरील कर नसून उत्पादनशुल्क आहे, आणि ते बसविण्याचा अधिकार आपला आहे, असे मध्यवर्ती सरकार म्हणू लागले. वाद फेडरल कोर्टात गेला. सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश होते. त्या वर्षाअखेरीस निकाल प्रांताच्या बाजूने लागला. हिंदुस्थानातील विक्रीकराच्या इतिहासाचे हे पहिले मोठे पान आपल्याच प्रांताचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मात्र त्या वादात दोनच पक्षकार होते, दिल्ली आणि नागपूर. जेथे तो पैसा खर्च व्हावयाचा, त्या गावाला कोणी विचारले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पुष्कळ पालटले. १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या. १९५१ साली जमीनदाऱ्या संपल्या आणि त्यांची जंगले सरकारजमा झाली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. त्यांना शेतसाऱ्यावरील उपकर मिळाला. पण जेथे शेतसाराच तुटपुंजा, तेथे त्यावरचा उपकर तो कितीसा असणार! २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. कचेरी जवळ आली. निर्णय मात्र दूरच राहिला.

तो जवळ आणण्याचा मार्ग याच जिल्ह्यातील एका लहानशा गावाने दाखविला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे ते गाव. येथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. २००९ साली वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यास वाहतूक परवाना लागे, आणि तो वनखात्याच्या हाती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. गावाने आपला बांबू आपण विकला आणि पैशाचा विनियोगही आपणच ठरविला. आता जमा आणि खर्च दोन्ही गावच लिहू लागले.

आता सूरजागड. एटापल्ली तालुक्यातील हा डोंगर लोहखनिजाने भरलेला आहे. आसपासच्या माडिया गावांच्या दृष्टीने तो ठाकूरदेवाचे स्थान आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. २००७ साली येथील सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉईड्स कंपनीला मिळाला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खनिज वाहणारी कित्येक वाहने जाळली. खाण नियमाने चालू लागली ती २०२१ पासून. या काळात गावांचा विरोधही होता, आणि रोजगाराची आशाही होती.

खनिज कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याचे ठरले. हिशेब सोपा आहे. लोहखनिजाचे स्वामित्वधन सरासरी विक्रीमूल्याच्या दरशेकडा पंधरा. आणि २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना त्या स्वामित्वधनाच्या दरशेकडा तीस इतकी भर प्रतिष्ठानात घालावी लागते. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागे साडेचार रुपये. पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर या पैशातील किमान साठ टक्के खर्च व्हावेत, असा मूळ दंडक होता. २०२४ साली तो सत्तर टक्के झाला. आणि अनुसूचित क्षेत्रात या कामांना ग्रामसभेची संमती हवी, केलेल्या कामाचा अहवालही तिच्यापुढे यावयास हवा, असेही नियम सांगतो.

पैसा कशावर लावावा, याविषयी तीन पक्ष मांडता येतात. पहिला म्हणतो, आधी रस्ते आणि पूल. तो चुकीचा नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, आणि अशा वेळी अडलेल्या बाळंतिणीला दवाखाना दिल्लीइतकाच दूर. दुसरा म्हणतो, रस्ता खनिजाच्या मालमोटारींनी उखडला असेल, तर तो ज्यांच्या त्या मोटारी त्यांनी दुरुस्त करावा. या पैशातून गावाला शुद्ध पाणी, हिवतापावर आणि सिकलसेलवर उपचार, आणि मुलांना शिक्षक मिळावेत. तिसरा पक्ष विचारतो, खाण संपल्यावर काय?

माझ्या मते हा तिसरा प्रश्नच पहिला आहे. बांबू तोडला तर पुन्हा कोंब फुटतो. तेंदूपान दर उन्हाळ्यात येते. विक्रीकर तर बाजार चालू असेतो येतच राहतो. खनिजाला पालवी फुटत नाही. म्हणून हा पैसा उत्पन्न नव्हे, पुंजी आहे. आणि पुंजी खाऊन कोणाचा संसार टिकत नाही. पॅसिफिक महासागरातील नाऊरू या इवल्याशा बेटाची गोष्ट बोलकी आहे. १९७० च्या सुमारास फॉस्फेटच्या खाणींमुळे ते जगातील श्रीमंत देशांत गणले जाई. पुढच्या तीसेक वर्षांत साठे आटले, गुंतवणुकी बुडाल्या, आणि उरला तो खणून खडबडीत झालेला बेटाचा मध्य. आपल्याकडे खाणीनंतरच्या उपजीविकेसाठी या निधीतील काही भाग ठेव म्हणून राखण्याची सोय नियमांत २०२४ साली आली. तिचा पुरेपूर उपयोग व्हावा.

हे ठरवावयाचे कोणी? अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९८५ पासून एक रीत आहे. तेथील काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाला, ठराविक मुदतीपुरता दरशेकडा एक जादा विक्रीकर बसविता येतो; मात्र कामांची यादी आधी मांडून मतदारांचा कौल घ्यावा लागतो. रीत चांगली आहे, परंतु मतपेटीत एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास झाले की एकोणपन्नासांचे म्हणणे बुडते. मेंढ्याची रीत अधिक वेळ खाते, पण कोणाचे म्हणणे बुडवीत नाही. तेथील लोक वाद टाळत नाहीत. तो संपेपर्यंत बसून राहतात.

म्हणून सूरजागडच्या परिसरात निदान एवढे तरी घडावे. कामांची यादी कचेरीत तयार होऊन सहीसाठी गावात येऊ नये. ती गावात तयार होऊन कचेरीत जावी. वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेत वाचला जावा, आणि तो माडिया बोलीत वाचला जावा; म्हणजे डोक्यावर मोहफुलांची टोपली घेऊन आलेल्या बाईलाही विचारता येईल, की आमच्या डोंगरातून एवढे गेले, त्यातले आमच्या नातवंडांसाठी काय ठेवले?