कमी भाराचे दुखणे

फार भार पडला की यंत्र मोडते, हे सांगायला अभियंता लागत नाही. फार कमी भारानेही बेअरिंग बिघडते, हे मात्र तज्ज्ञांच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

वेल्समधील फिलिप व्हॉन याने १७९४ साली गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पुढची दीडशे वर्षे प्रश्न एकच होता : गोळी किती भार पेलेल? हाइन्रिख हर्ट्झने (रेडिओ लहरींवाला हाच) १८८१ साली एकमेकांवर दाबलेल्या वक्र पृष्ठांचे गणित मांडले. १९०१ मध्ये श्ट्रिबेकने प्रयोगांनी दाखवले, की पेलणारा भार गोळीच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १९४७ साली स्वीडनच्या लुंडबर्ग व पामग्रेन यांनी आयुष्याचे सूत्र दिले. भार निम्मा केला, की बॉल बेअरिंगचे आयुष्य आठपट! या सूत्रात भार शून्य घालून पाहा. आयुष्य अनंत येते. विद्यार्थ्यांकडून हे जरूर करून घ्यावे, कारण गोम इथेच आहे.

सूत्रात धातूचा थकवा धरला आहे, घसरणे धरलेले नाही. रोलर स्वतः फिरत नाही. आतली रिंग त्याला घर्षणाने फिरवते आणि घर्षण दाबावर अवलंबून असते. सायकलच्या डायनॅमोची चकती टायरला नीट टेकली नाही तर घसरते, तसेच हे.

जेट इंजिनांत हे दुखणे उघडे पडले. तिथे शाफ्टचे एक टोक रोलर बेअरिंगवर असते. भार थोडा, वेग प्रचंड. रोलर बाहेरच्या रिंगकडे फेकले जातात, आतल्या रिंगची पकड सुटते, तेल त्यांना मागे ओढते. मग ते घसरतात, तेलाचा पातळ थर फाटतो आणि धातूवर ओरखडे उठतात. टी. ए. हॅरिस यांनी १९६६ साली या घसरण्याचे गणित प्रसिद्ध केले.

इलाज मोठा गमतीचा. १८८३ साली जर्मनीत श्वाइनफुर्टच्या फिशरने गोळ्या अचूक गोल घासणारे यंत्र बनवले, त्यावर हा धंदा उभा राहिला. आता बाहेरची रिंग मुद्दाम किंचित लंबगोल करू लागले, म्हणजे समोरासमोरच्या दोन जागी रोलर चिमटीत सापडून फिरत राहतात.

निर्मात्यांचा ढोबळ नियम असा : बॉल बेअरिंगवर त्याच्या गतिक भारक्षमतेच्या किमान १ टक्का, रोलर बेअरिंगवर २ टक्के भार हवा. म्हणून ‘एक नंबर मोठी बसवा’ हा सल्ला अंगाशी येऊ शकतो. क्षमता वाढते तसा हा किमान भारही वाढतो. पवनचक्कीच्या गिअरबॉक्समधील वेगवान शाफ्टला मंद वाऱ्यात हाच त्रास होतो.