पूर-जोखीम व सामाजिक असुरक्षितता : पानिपत जिल्हा

पुराचे पाणी एकाच पातळीने चढले, तरी ते सोसण्याची, सरकारी मदत पदरात पाडून घेण्याची आणि पुन्हा उभे राहण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. या असमान ताकदीला आपत्तिअभ्यासात सामाजिक असुरक्षितता म्हणतात. हरियाणातील पानिपत जिल्हा हे तिचे बोलके उदाहरण आहे. यमुनाकाठची शेती, खंडाने कसणारे शेतकरी, भूमिहीन मजूर आणि परप्रांतीय कामगारांवर चालणारा वस्त्रोद्योग येथे एकाच नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या आसऱ्याने उभे आहेत. येथील पूर-मदतीचे नियम पाहिले, तर ती मदत गमावलेल्या मालमत्तेच्या मापाने वाटली जाते आणि कागदावर ज्याच्या नावे काही नाही, त्याचे नुकसान मोजणीतच येत नाही, असे दिसते. म्हणून या जिल्ह्यात पूरनिवारणाच्या न्याय्यतेचा प्रश्न पाण्याच्या पातळीइतकाच महसुली नोंदींचाही आहे.

आपत्ती ‘नैसर्गिक’ असते या समजुतीला ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर यांनी 1976 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील लेखातून आव्हान दिले. निसर्ग धोका निर्माण करतो, त्या धोक्याची आपत्ती समाजरचना करते, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये दुष्काळाबाबत याच दिशेचा युक्तिवाद केला : बाजारात धान्य असूनही ते मिळवण्याचा हक्क ज्यांच्याकडे उरत नाही, ते उपाशी मरतात. पुढे 1994 मध्ये ब्लेकी, कॅनन, डेव्हिस आणि विस्नर यांच्या ग्रंथाने धोका आणि असुरक्षितता यांच्या गुणाकारातून जोखीम ठरते, हे सूत्र रुजवले. सुसान कटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अमेरिकेतील काउंटींसाठी सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक तयार केला. सेन यांचा हक्काचा मुद्दा पूरनिवारणाला लावला, तर प्रश्न असा होतो : तिजोरीत मदतीचा पैसा असतो, पण तो मिळण्याचा हक्क कोणाकडे असतो?

पानिपतच्या पूर्व सीमेवरून यमुना वाहते. 1760 च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ आणि अब्दाली यांच्या फौजांना दोन काठांवर रोखून धरणारी नदी म्हणून ती मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. आज तिच्या पुराचा अंदाज यमुनानगर जिल्ह्यातील हथिनीकुंड बंधाऱ्यावरून घेतला जातो. या बंधाऱ्यात पाणी साठवण्याची सोय नाही. प्रवाह एक लाख क्युसेकच्या वर गेला की कालव्यांचे दरवाजे बंद करून पाणी नदीतच जाऊ दिले जाते. ऑगस्ट 2019 मध्ये येथून सुमारे 8.28 लाख क्युसेकचा कमाल विसर्ग नोंदला गेला, तरी दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ पाणी 206.60 मीटरपर्यंतच चढले. जुलै 2023 मध्ये कमाल विसर्ग सुमारे 3.59 लाख क्युसेक, म्हणजे निम्म्याहून कमी होता. पातळी मात्र 208.66 मीटरवर गेली आणि 1978 चा 207.49 मीटरचा उच्चांक मोडला. विसर्ग किती वेळ टिकला याचा यात वाटा होता, तसाच गाळाने भरलेल्या पात्राचा आणि आक्रसलेल्या पूरमैदानाचाही होता. म्हणजे एकाच नदीचा पूर किती चढेल, हेदेखील निव्वळ पावसाच्या हाती राहिलेले नाही.

बांध भक्कम केले की काठावरचे सगळेच सुरक्षित होतील, असे यावर सुचवले जाते. बांध नकोत असे कोणी म्हणणार नाही. ते नसते तर अनेक गावे दर पावसाळ्यात पाण्याखाली गेली असती. पण बांधाच्या भरवशावर माणसे, पिके आणि बांधकामे नदीच्या अधिक जवळ सरकतात आणि बांध फुटला की नुकसान आधीपेक्षा मोठे होते. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी अमेरिकेतील नद्यांच्या अभ्यासातून 1945 मध्येच हा धोका दाखवला होता. जुलै 2023 मध्ये पानिपतमधील पत्थरगढ, तामशाबाद परिसरात बांधाला भगदाड पडले आणि पाणी शेतांत, वस्त्यांत शिरले. शिवाय बांधाच्या आत नदीकडच्या बाजूला जे पीक घेतात, त्यांना बांधाचे संरक्षण मुळातच नसते. सप्टेंबर 2025 च्या आरंभी हथिनीकुंडचा विसर्ग पुन्हा तीन लाख क्युसेकच्या पुढे गेला. तेव्हा ही जोखीम पिढीतून एकदा येणारी मानता येत नाही.

नदीलगतच्या सखल, गाळाच्या पट्ट्याला येथे खादर म्हणतात, तर उंचवट्याच्या जमिनीला बांगर. खादरातील जमीन मालक स्वतः कसतो, तशी ती ठेक्याने किंवा बटाईनेही दिली जाते. ठेका बहुधा तोंडी आणि रोख रकमेचा असतो. तो आगाऊ भरलेला असेल, तर पीक बुडाल्यावर कसणाऱ्याचा खंडही बुडतो आणि बियाणे-खतांचा खर्चही. ज्यांची मजुरी लावणी-काढणीवर आणि दुभते जनावर खादरातील चाऱ्यावर अवलंबून आहे, त्या भूमिहीन कुटुंबांचे नुकसान याहून वेगळे असते. पानिपत शहराचा प्रश्न त्याला जोडूनच येतो. सतरंज्या, घोंगड्या आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा काढलेल्या सुताच्या धंद्यात बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगालमधून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. शहराचे सांडपाणी ड्रेन क्रमांक 1 व 2 मधून यमुनेकडे जाते. नदी चढली की अशा नाल्यांचा निचरा अडतो आणि कारखान्यांचे रंगमिश्रित पाणी सखल वस्त्यांत तुंबण्याचा धोका वाढतो. काम बंद पडलेल्या दिवसांची मजुरी पीसरेटच्या कामगाराला मिळत नाही.

मदतीच्या मोजपट्टीत ही माणसे कुठे बसतात, ते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्रीय निकषांवरून कळते. सिंचित पिकाच्या 33 टक्क्यांहून अधिक नुकसानीला हेक्टरी 17,000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. शेतातील गाळ काढण्यास हेक्टरी 18,000. सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला 1.20 लाख, झोपडीला 8,000. हरियाणाने 2023 मध्ये पिकासाठी स्वतःची भर घालून एकरी 15,000 रुपयांपर्यंत भरपाई दिली. या मदतीचा दावा शेतकरी ई-क्षतिपूर्ति पोर्टलवर नोंदवतो आणि त्याची पडताळणी पटवारी महसुली नोंदींवरून करतो. झोपडीच्या 8,000 रुपयांचे मोल याच राज्याच्या मजुरीदराने तपासता येते. 2023-24 मध्ये हरियाणाचा रोजगार हमीचा दर दिवसाला 357 रुपये होता. त्या दराने 26 दिवसांची मजुरी 9,282 रुपये होते. म्हणजे एका मजुराच्या महिनाभराच्या किमान कमाईहूनही त्याच्या कुटुंबाच्या निवाऱ्याची किंमत कमी धरलेली आहे. घराच्या मदतीसाठी बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो. अनधिकृत वसाहतीतला रहिवासी तेथेच बाद होतो. खोली भाड्याची असेल, तर घराची मदत मालकाची आणि भाडेकरूला फार तर कपडे-भांड्यांपुरती. हातमाग कारागिराच्या अवजारांसाठी तरतूद आहे, पण दुसऱ्याच्या मागावर राबणाऱ्याचे अवजार पुरात जातच नाही, कामाचे दिवस जातात. उपजीविका गंभीरपणे बाधित झालेल्या कुटुंबांसाठी काही दिवसांच्या साहाय्याची तरतूद निकषांत आहे. तरी तिचा लाभ कोणाला द्यायचा, हे ठरवणारी मजुरांची यादी सातबारा किंवा जमाबंदीसारखी आधीपासून तयार नसते.

यावर पहिला आक्षेप असा की कायदा भेदभाव करत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 61 नुसार लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून मदतीत भेद करण्यास मनाई आहे आणि ही तरतूद मोलाची आहे. पण जमीनमालकी जेव्हा जातीच्या आणि स्त्री-पुरुषांच्या वाट्याला आधीच असमान आलेली असते, तेव्हा जमिनीच्या उताऱ्यावर आधारलेला तटस्थ नियमही तीच असमानता पुढे चालवतो. कलम 61 च्या यादीत भूमिहीनता नाही, स्थलांतरही नाही. महाराष्ट्राचा अनुभव येथे दुहेरी आहे. जुलै 2021 च्या पुरानंतर राज्याने दुकानदारांना 50,000 रुपयांपर्यंत आणि टपरीधारकांना 10,000 रुपयांपर्यंत मदत जाहीर केली, म्हणजे जमिनीपलीकडची उपजीविका मोजता येते हे दाखवले. त्याच वेळी मतदारयादीतील नाव आणि शिधापत्रिका यांची अट घालून परगावाहून आलेल्या फेरीवाल्यासाठी दार अरुंद ठेवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ज्याचे जास्त बुडाले त्याला जास्त मिळावे, यात अन्याय कसला? लहान शेतकऱ्याचे पीक गेले तर त्याला भरपाई मिळालीच पाहिजे आणि दोन हेक्टरांची मर्यादा मोठ्या जमीनदाराला आवरही घालते. मात्र रुपयांतले नुकसान आणि सावरण्याला लागणारा काळ ही दोन वेगळी मापे आहेत. पाणी ओसरल्यावर मालकाकडे जमीन उरते, तीवर कर्ज मिळते. मजुराकडे तारण ठेवण्याजोगे काही नसते, म्हणून लहान तुटीसाठीही तो सावकाराकडे जातो किंवा गाव सोडतो. हॉवेल आणि इलियट यांनी अमेरिकी कुटुंबांच्या 1999 ते 2013 या काळातील संपत्तीचा माग काढून 2018 मध्ये दाखवले की जेथे केंद्रीय आपत्ती-साहाय्य अधिक गेले, तेथे संपत्तीतील विषमताही वाढली. मालमत्ता पूर्ववत करण्यावर बेतलेली मदत आधीची दरी पूर्ववत करून थांबत नाही, ती रुंदावते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : कागदाची अट सैल केली तर खोटे दावे वाढतील. ही भीती खरी आहे, पण तिचे उत्तर नोंद वाढवण्यात आहे, माणसे वगळण्यात नाही. आंध्र प्रदेशाने 2019 च्या कायद्याने कसणाऱ्यांना 11 महिन्यांची ओळखपत्रे देण्याची सोय केली. हरियाणाने 2024 मध्ये शेतजमिनीच्या पट्ट्याचा कायदा केला. लेखी करारामुळे मालकाचा हक्क अबाधित राहून ठेक्याने कसणाऱ्याला नैसर्गिक आपत्तीची मदत मिळावी, हा त्यामागचा घोषित हेतू आहे. कायद्याची कसोटी मालक लेखी करार करायला किती तयार होतात यावर लागेल. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेने शिधा माणसाबरोबर फिरू शकतो हे सिद्ध केले आहे, तर 2021 पासूनच्या ई-श्रम नोंदणीत असंघटित कामगारांची यादी आहे. गाव आणि वॉर्ड पातळीवर अशा नोंदी पूरक्षेत्राच्या नकाशाशी जुळवून यादी जाहीर वाचून दाखवली, तर खोटा दावा लपवणे आजच्याहून कठीण होईल.

हथिनीकुंडहून निघालेले पाणी दिल्लीला पोहोचायला दोन-तीन दिवस लागतात. पानिपतला वेळ त्याहून कमी, पण जीव वाचवण्यापुरती सूचना मिळू शकते. म्हणून येथील पुराचा हिशेब मृतांच्या आकड्यावरून मांडला तर तो सौम्य वाटतो. तो मांडण्याची न्याय्य पद्धत अशी की पीक आणि घर यांच्या बरोबरीने बुडालेली मजुरी, आगाऊ भरलेला ठेका आणि भाडेकरूचा निवारा यांनाही निकषांत स्वतंत्र ओळ द्यावी आणि सहा महिन्यांनी, वर्षाने कोणते कुटुंब कर्जमुक्त होऊन कामावर परतले, हे तपासावे. किती रक्कम वाटली, याचा अहवाल प्रशासन आजही देऊ शकते. कोण सावरले, याचा अहवाल देणे बंधनकारक झाल्याशिवाय मदतीची न्याय्यता तपासण्याचे साधन उपलब्ध होणार नाही.